काठीपर्यंत मेलबर

बाकीच्या नद्या उतरतात, आमची मेलबर चढते. पाणी खालीच वाहतं, तेवढी अक्कल तिलाही आहे. चढतो तो तिचा उगम. उन्हाळ्यात ती गिरणीच्या तळ्यातून निघते. तिथून वर आमच्या गावापर्यंत नुसतं गवत वाढलेलं कोरडं पात्र असतं. त्यात मेंढ्या चरतात आणि आम्ही जवळची वाट म्हणून त्यातूनच ये-जा करतो. पानगळीतला पाऊस आमच्या खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, टेकड्यांत मुरत जातो, आणि नाताळाच्या सुमाराला टेकड्या पोटभर प्यायल्या की झरा हळूहळू वर वर फुटायला लागतो. आधी गिरणीच्या वळणावर, मग चर्चच्या कुरणात, आणि वर्ष चांगलं असेल तर थेट आमच्या फाटकापाशी. मे महिना उजाडला की आली तशी मागे जाते. मग आम्ही म्हणतो, बाईसाहेब माहेरी गेल्या.

आता अशा नदीला नाव कुठपासून लावायचं? इतरांना हा प्रश्न आयुष्यात एकदाही पडत नसेल, आम्हाला दरवर्षी पडतो. त्यासाठी काठी आहे. दोन फेब्रुवारीला, कँडलमासच्या म्हणजे चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या सणाच्या सकाळी, सगळं गाव गिरणीपाशी जमतं आणि पाण्याच्या कडेकडेने वर चालू लागतं. पुढे काठीवाला, हातात हेझलच्या झाडाची काठी आणि खिशात ओटच्या काड्या. पाणी संपल्यासारखं दिसलं की तो त्यात एक काडी टाकतो. काडी वाहिली तर ती नदी, काडी जागच्या जागी फिरत राहिली तर ते डबकं. शेवटची काडी जिथे वाहिली तिथे तो काठी रोवतो, पाद्रीबाबा थंडीने दात वाजवत दोन ओळींची प्रार्थना उरकतात आणि सगळे क्लाइव्हच्या पबमध्ये घुसतात. काठीच्या खाली ती वर्षभर मेलबर. काठीच्या वर तिला नाव नाही, नुसतं पात्र. कुणी चुकून वरच्या पात्राला मेलबर म्हटलं तर त्या दिवशी पबमध्ये सगळ्यांना त्याने पाजायचं.

माझा नवरा सिरिल पिटमन हा काठीवाला. त्याआधी त्याचा बाप, त्याआधी आजा. मी मात्र खालच्या मेलबरची, जिथे नदी बारा महिने असते आणि लोकांना त्याचा माज असतो. आमच्या गावाचं नाव मेलबर हेड, म्हणजे मेलबरचं डोकं. कोरड्या वर्षी माझे भाऊ बाजारात सिरिलला गाठून विचारायचे, "काय दाजी, यंदा डोकं कुठं सांडलंत?" सिरिल हसायचा नाही. बाकी कशावरही हसायचा, या एका गोष्टीवर नाही.

आमचं घर गावात सगळ्यांत वरचं. माझं लग्न झालं त्या वर्षी काठी आमच्या फाटकापाशी लागली, सिरिलच्या वडिलांच्या हाताने. त्याआधी कित्येक वर्षं पाणी तिथवर आलं नव्हतं. सासूबाई मुळात माझ्यावर नाराज होत्या, पण त्या दिवशी म्हणाल्या, "पोरीचा पायगुण चांगलाय म्हणायचा." सबंध संसारात त्यांनी माझं केलेलं कौतुक तेवढंच. सिरिलने ते कधी विसरू दिलं नाही. मी स्वयंपाक करपवला, गाडी भिंतीवर घातली, काहीही केलं तरी तो म्हणायचा, "असू दे, पायगुणाची आहेस."

मग नदी आखडत गेली. टेकड्यांपलीकडचं शहर फुगलं, त्यांनी खडूतलं पाणी उपसायला सुरुवात केली, आणि एकामागून एक हिवाळ्यात काठी गिरणीच्या आसपासच लागू लागली. त्याच सुमारास सिरिलच्या छातीचं दुखणं सुरू झालं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचा आणि भिंतीवरचं चित्र बघत असल्याचं सोंग करायचा.

अशा वेळी इमोजेन आली. नद्यांच्या ऑफिसातली नकाशेवाली मुलगी, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. मी तिला चहा आणि जाड कापलेला फ्रूटकेक दिला. तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरला आणि म्हणाली, "मिस्टर पिटमन, नवीन नकाशा होतोय. निळी रेघ आणि तिच्यावर नाव. कुठून सुरू करायची यावरून आमच्या ऑफिसात भांडण आहे. साहेब म्हणतात, बारमाही पाणी गिरणीपासून आहे, तर नदीही गिरणीपासून."

"आणि वरचं?" सिरिलने विचारलं.

"वरचं म्हणजे चर."

सिरिलने कप खाली ठेवला. "चर?"

"मी त्यांना तुमच्या काठीचं सांगितलं," ती घाईने म्हणाली. "खूप बोलले, तेव्हा ऐकलं त्यांनी. यंदा काठी जिथे लागेल तिथपासून रेघ ओढायची असं ठरलंय. मी येईन बघायला."

चर आणि नदी यांत काय फरक पडतो ते आम्हाला लवकरच कळलं. आमच्या मागची शेतं मिस्टर प्राउट नावाच्या माणसाने घेतली होती. माणूस वाईट नव्हता, भेटला की टोपी काढायचा. त्याला तिथे घरं बांधायची होती, आणि घरांकडे जायला रस्ता हवा होता, आणि रस्त्याला सोयीची जागा एकच, आमच्या भिंतीलगतचं कोरडं पात्र. नदी असेल तर ती बुजवायला शंभर ठिकाणी परवानगी मागावी लागते आणि मिळत नाही. चर असेल तर मुरूम आणायचा आणि टाकायचा. "मी काही अडून बसणार नाही," प्राउट पबमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला. "काठी तुमच्या फाटकाशी लागली तर मी रस्ता दुसरीकडून नेईन. शब्द देतो."

सिरिल त्या दिवसापासून नीट झोपला नाही. मला म्हणायचा, "मॉरीन, पात्र बुजवलं म्हणून ती यायची राहणार नाही. आली की वाट शोधेल. आणि भराव पडला की आपलं घर रस्त्यापेक्षा खोल."

"आलीच नाही तर?"

"येईल गं. माझ्यासमोर येते की माझ्यामागे, एवढाच प्रश्न आहे."

मी त्याला असलं बोलू नकोस म्हणून झापलं आणि मागच्या खोलीत जाऊन रडले.

जानेवारीत पाऊस बरा झाला. झरा गिरणीवरून निघाला, वळण ओलांडलं, आणि आम्ही रोज सकाळी खिडकीतून माना लांब करू लागलो. क्लाइव्ह तर दाढी करताना पबच्या माडीवरून दुर्बीण लावायचा. कँडलमासच्या आदल्या दिवशी पाणी चर्चच्या कुरणाच्या खालच्या भिंतीशी पोचलं आणि तिथेच बसलं. तिथून आमचं फाटक बरंच वर.

कँडलमासला कडक हिम पडलं होतं. थडग्यांमध्ये स्नोड्रॉपची फुलं माना खाली घालून उभी होती. इमोजेन आली होती, प्राउटही आला होता. सिरिल थांबत थांबत चालत होता आणि सगळं गाव त्याला कळू न देता हळू चालत होतं. कुरणाच्या भिंतीशी त्याने काडी टाकली. काडी एकदा फिरली, दोनदा फिरली आणि थांबली. तो एक पाऊल मागे आला, दुसरी टाकली, ती वाहिली. त्याने काठी उचलली.

"थांब, थांब!" क्लाइव्ह ओरडला. "वर बघून तर ये! सकाळी तुझ्या फाटकाशी मला ओलं दिसलं."

"मध्ये कोरडं आहे ना," इमोजेन म्हणाली.

"मध्ये जमिनीखालून जात असेल. खडू आहे, बाई, पोकळ असतो."

तसं होतं कधी कधी, हे खरं आहे. आम्ही वर गेलो. आणि खरोखरच आमच्या फाटकापाशी गवतातून वीतभर रुंदीचं पाणी खळखळत येत होतं. लोकांनी टोप्या उडवल्या. मी फाटकाला घट्ट धरलं. सिरिलने काडी टाकली. ती नाचत गेली.

"रोव!" सगळे ओरडले. "रोव, सिरिल!"

सिरिल गुडघ्यावर बसला. त्याला फार त्रास झाला बसायला. त्याने हातमोजा काढला आणि पाण्यात हात घातला. आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं की झऱ्याचं पाणी बारा महिने एकसारखं असतं. उन्हाळ्यात गार लागतं आणि हिमाच्या सकाळी कोमट. त्याने हात काढला, तो गारठून लालभडक झाला होता. मग त्याने कुंपणाकडे पाहिलं. कुंपणामागे क्लाइव्हच्या भावाचा दुधाचा टँकर उभा होता.

"रात्रभर बाहेरच होता वाटतं," सिरिल म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने.

क्लाइव्हने मान खाली घातली. सिरिलने माझ्याकडे पाहिलं. मला यातलं काही माहीत नव्हतं, पण मी डोळ्यांनी त्याला म्हणत होते, रोव. अख्खं गाव म्हणतंय, मी म्हणतेय, रोव आणि मोकळा हो.

तो उठला आणि आल्या वाटेने खाली गेला. कुरणाच्या भिंतीशी जाऊन त्याने काठी रोवली. इमोजेनने तिच्या नकाशावर तिथे खूण केली. पाद्रीबाबांच्या दोन ओळी कुणी ऐकल्याही नसतील. प्राउटने टोपी काढली आणि तो निघून गेला. त्या दिवशी पबमध्ये कुणी गेलं नाही.

घरी आल्यावर मी त्याला सोडला नाही. "साधू आहेस का तू? तुझा एक हट्ट, आणि घरापुढे मोटारींचा रस्ता! तुला काय झालं होतं रोवायला? काडी वाहिली होती!"

"टँकर वाहिला होता."

"कुणाला कळणार होतं?"

तो खुर्चीत बसून दम खात होता. श्वास जरा बसल्यावर म्हणाला, "आज मी खोटी रोवली, तर बापाने रोवलेल्यासुद्धा खोट्या ठरतात. मग आपल्या लग्नाच्या वर्षी ती फाटकाशी आली होती, हे तरी खरं कशावरून? उद्या कुणी म्हणेल, नव्या सुनेसाठी म्हाताऱ्याने बादल्या ओतल्या."

तरी मी बोललेच. मी म्हटलं, मला त्या काठीपेक्षा तू हवा होतास, दोन रात्री नीट झोपलेला. आणि तेही खरंच होतं. आठवडाभर मी त्याच्याशी फक्त मीठ दे, दार लाव एवढंच बोलले.

जूनमध्ये ट्रक आले. सिरिल खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायचा आणि पात्रात दगडमाती पडताना बघायचा. मी पडदा ओढला की तो उघडायचा. नवा नकाशाही आला. चर्चच्या कुरणापासून खाली सुबक निळ्या अक्षरांत मेलबर, आणि वर कोरा कागद. माझ्या भावांनी या वेळी काही विचारलं नाही, ते मला जास्त लागलं.

ऑक्टोबरात सिरिल गेला. जायच्या थोडं आधी म्हणाला, "पुढची काठी तू न्यायची."

"मी? मी खालच्या गावची. लोक हसतील."

"हसू देत. सबंध जन्मात तू मला उगाच कधी बरं म्हटलं नाहीस. नदीलाही म्हणणार नाहीस."

चर्चच्या कुरणाला लागून त्याच्या थडग्याची जागा आहे. मी मुद्दाम तिथे मागून घेतली.

त्यानंतर पाऊस लागला तो थांबेचना. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला, टेकड्या फुगून आल्यासारख्या वाटू लागल्या. जानेवारी सरता सरता पाणी कुरणाची भिंत ओलांडून वर सरकलं आणि नव्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबलं. लोक म्हणाले, संपली. मला सिरिलचं बोलणं आठवत होतं, पण मी काही बोलले नाही. एकट्या बाईने असलं काही बोललं की लोक डॉक्टरला कळवतात.

कँडलमासच्या सकाळी मी चहा ठेवायला खाली आले आणि शेवटच्या पायरीवरून पाय थेट पाण्यात पडला. मी किंचाळले. पुढच्याच क्षणी लक्षात आलं, की पाय गारठला नव्हता. बाहेर खिडकीच्या काचांवर हिम चढलं होतं आणि पाणी कोमट होतं.

मी पायरीवर बसले. फडताळापाशी, जिथे मी जॅमच्या बरण्या ठेवते, तिथल्या दोन फरश्यांच्या फटीतून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं, स्वच्छ, तळ दिसेल असं. तिथून ते टेबलाखालून जात होतं, दाराखालून बाहेर पडत होतं आणि प्राउटच्या रस्त्याच्या कडेने ऐटीत खाली चाललं होतं. माझा गालिचा गेला. सासूबाईंचं लाकडी कपाट फुगणार हे दिसत होतं. मला संताप आला, प्राउटचा, क्लाइव्हचा, शहराचा आणि सगळ्यांत जास्त सिरिलचा. हे सगळं मला एकटीला निस्तरायला ठेवून गेला होता. पंप मागवावेत म्हणून मी फोन उचलला. आणि मग दाराशी उभी करून ठेवलेली काठी दिसली.

मी पंपवाल्यांना नाही, क्लाइव्हला फोन केला. गिरणीपाशी सगळे माझीच वाट बघत होते. म्हटलं, "इकडे या."

"मॉरीन, रिवाज आहे. गिरणीपासून चालत वर—"

"मग चालत या की. काड्या तूच टाकत ये, वाटेत कुठे थांबतेय का बघ. पण बूट उंच घाला."

आले सगळे. इमोजेनही होती. दर काही पावलांवर काडी टाकत आले होते आणि एकही काडी थांबली नव्हती. दारात येऊन ते उभे राहिले, माझ्या स्वयंपाकघरातून पाणी बाहेर येताना बघत.

क्लाइव्ह घसा खाकरून म्हणाला, "मॉरीन, रागावू नकोस. पण हे… नळाचं वगैरे नाही ना?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी झाडू हाणला असता. पण क्लाइव्हने विचारलं, आणि त्यालाच विचारायचा हक्क होता. मी म्हटलं, "हातमोजा काढ."

तो वाकला. त्याने हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मग एकेक करून सगळे आत आले, वाकले आणि हात घालून बाहेर गेले. पाद्रीबाबांनीसुद्धा बाही वर केली.

मी फडताळापाशी जाऊन काडी टाकली. ती एकदा फिरली. दुसऱ्यांदा फिरली. मी तिला बोट लावलं नाही. मग तिला उतार सापडला. टेबलाच्या पायाशी जरा अडखळली, सिरिलच्या खुर्चीखालून गेली आणि दाराबाहेर पडली. मी बरण्या बाजूला केल्या आणि फरश्यांच्या फटीत काठी रोवली.

"मिसेस पिटमन," इमोजेन म्हणाली, "नकाशावर घरातून नदी निघालेली दाखवत नाहीत."

"मग दाखवायला शिका."

ती हसली आणि डोळे पुसू लागली. क्लाइव्ह म्हणाला, "पण हिचे साहेब विचारणार, काठी खरी कशावरून?"

"गेल्या वर्षी मी फाटकाशी उभी होते," इमोजेन म्हणाली. "मिस्टर पिटमन कुठून वळून खाली गेले, ते मी पाहिलंय. तेवढंच सांगेन मी त्यांना."

पाद्रीबाबांनी दोन ओळी म्हटल्या आणि सगळे पबकडे निघाले. मला चल म्हणाले, मी नंतर येते म्हटलं. पंप, गालिचा, कपाट, सगळं तसंच पडलं होतं. मी चहा केला आणि सिरिलच्या खुर्चीत बसून पाय पाण्यात सोडले. लग्नाच्या वर्षी ती फाटकाशीच थांबली होती. आता आत आली, आणि दाखवायला तो नव्हता.